पाथरीचा ज्ञानराज व तर्कविद्येचें एक उपेक्षित दालन

हिंदुस्थानांतील तर्कविद्येचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा एकच वाट धरून चालतात. गौतमाचीं न्यायसूत्रें, वात्स्यायन, दिङ्नाग, धर्मकीर्ति, उदयन, मिथिलेचा गंगेश आणि नवद्वीपचा रघुनाथ शिरोमणि हे त्या वाटेवरील मुक्काम जणूं कायमचे ठरून गेले आहेत. या प्रवासांत महाराष्ट्र लागतो तो फार उशिरां, आणि लागला तरी पुणतांब्याच्या महादेवापाशीं क्षणभर थांबून वाचक पुढें निघून जातो. गोदातीरींच्या या पंडितानें सतराव्या शतकांत ‘न्यायकौस्तुभ’ रचिला, दीधितीवरील भवानंदाच्या टीकेचें विवरण केलें, आणि त्याच्या ग्रंथाचा प्रत्यक्षखंड १९३० सालीं काशीच्या सरस्वतीभवन ग्रंथमालेंत छापला गेला. हा मान योग्यच आहे. परंतु त्यापूर्वीं दीड शतकभर महाराष्ट्रांत कोणी अनुमानाचा विचारच केला नाहीं कीं काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं.

याचें कारण आमच्या मतें हस्तलिखितांच्या याद्या हें होय. यादींत ‘न्याय’ या सदराखालीं जें नोंदलें असेल तेवढेंच तर्कशास्त्र, आणि ‘ज्योतिष’ या सदराखालीं जें असेल तें पंचांग, मुहूर्त व जातक यांचें, अशी एक समजूत संग्राहकांच्या मनांत घर करून बसली आहे. प्रस्तुत लेखकही पुष्कळ वर्षें याच समजुतीनें याद्या चाळीत होता व ज्योतिषाचीं पानें न वाचतांच उलटीत होता. पाथरीच्या एका घराण्याचे ग्रंथ पाहिल्यावर ही समजूत टिकत नाहीं, हें दाखविण्याचा येथें विचार आहे.

परभणी जिल्ह्यांतील पाथरी हें आज तालुक्याचें गांव आहे. देवगिरीच्या आग्नेयेस गोदावरीच्या उत्तर बाजूस तें वसलें असून संस्कृत ग्रंथांत त्याचें नांव पार्थपुर असें येतें. कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं आपल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या १८९६ सालच्या ग्रंथांत येथील ज्योतिषी घराण्याची माहिती दिली आहे. भारद्वाजगोत्री नागनाथाचा पुत्र ज्ञानराज यानें ‘सिद्धान्तसुंदर’ नामक ग्रंथ लिहिला. त्यांतील गणिताचा आरंभकाल शके १४२५, म्हणजे सन १५०३ हा आहे. त्याला दोन पुत्र. चिंतामणीनें पित्याच्या ग्रंथावर ‘ग्रहगणितचिंतामणि’ ही टीका केली. सूर्यदास अथवा सूर्यपंडित यानें भास्कराचार्यांच्या बीजगणितावर शके १४६० (सन १५३८) मध्यें ‘सूर्यप्रकाश’ व लीलावतीवर शके १४६३ (सन १५४१) मध्यें ‘गणितामृतकूपिका’ अशा टीका रचिल्या. हाच सूर्यदास ‘रामकृष्णविलोमकाव्या’चा कर्ता. तें काव्य सरळ वाचलें तर रामाची कथा व उलट वाचलें तर कृष्णाची. एकाच अक्षरपंक्तीच्या आकारांतून दोन अर्थ काढून दाखविण्याची ही हौस, पुढील विवेचन लक्षांत घेतां, केवळ करमणूक म्हणून सोडून देण्याजोगी नाहीं.

हे ग्रंथ कोणत्या काळांत लिहिले गेले तें पाहावें. बहमनी राज्य फुटलें होतें. पाथरी वऱ्हाडच्या इमादशहाच्या ताब्यांत होती, आणि अहमदनगरच्या निजामशहाचा तिच्यावर डोळा होता. निजामशाही घराण्याचे मूळ पुरुष पाथरीचे वंशपरंपरागत कुळकर्णी होते व म्हणून बुऱ्हाण निजामशहानें ती मागितली, अशी हकीकत फिरिस्ता देतो. मागणी नाकारल्यावर १५१८ च्या सुमारास त्यानें ती बळानें घेतली. पुढेंही या गांवावरून दोन दरबारांत कटकटी चालू राहिल्या. ज्ञानराजाचा ग्रंथ या धामधुमीच्या किंचित् आधींचा व सूर्यदासाच्या टीका तिच्या नंतरच्या. ज्या गांवावरून फौजा जात-येत होत्या त्याच गांवांत बीजगणितावरील टीका लिहिली जात होती, ही गोष्ट राजकीय इतिहासाच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. पृथ्वीला आधार कोणाचा, हा वाद फार जुना. पुराणांत शेष, कूर्म, वराह हे आधार सांगितलेले. सिद्धान्तकारांच्या मतें भूगोल आकाशांत निराधार. शके १०७२ (सन ११५०) मध्यें सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायांत भास्कराचार्यांनीं या वादांत जी युक्ति योजिली तिचा आशय असा: पृथ्वीला मूर्त आधार मानला तर त्या आधाराला दुसरा आधार मानावा लागेल, त्याला तिसरा, आणि अशी अनवस्था होईल. ती टाळण्यासाठीं शेवटचा आधार स्वशक्तीनें राहतो असें म्हणाल, तर ती शक्ति पहिल्यापासून पृथ्वीलाच कां मानूं नये? पृथ्वी सतत खालीं पडत आहे असें म्हणणाऱ्या बौद्धांसही त्यांनीं असेंच पेंचांत धरिलें आहे. वर फेंकलेली जड वस्तु परत भूमीवर येतांना सर्वांस दिसते. पृथ्वी पडत असती तर तिच्याहून हलकी ती वस्तु तिला कधींही गांठूं शकली ना.

साडेतीनशें वर्षांनीं पार्थपुरच्या ज्ञानराजानें पहिल्या युक्तीस उत्तर दिलें. अल्पशक्ति असा गिधाड पक्षी चोंचींत सर्प धरून प्रहरभर आकाशांत राहतो. मग जिचें सामर्थ्य अचिंत्य ती कूर्मरूप देवता कल्पभर पृथ्वी कां धारण करूं शकणार नाहीं? असा त्याचा प्रश्न आहे. आजच्या वाचकास हें ऐकून हंसूं येईल. पुराणें व सिद्धान्त यांचा विरोध मिटविण्याच्या भरांत ज्ञानराज भास्कराच्याही मागें गेला, असें म्हणून पुष्कळजण येथें पुस्तक मिटतात. आमच्या मतें पुस्तक नीट उघडावयाचें तें येथेंच.

भास्कराच्या युक्तीचा सांगाडा पाहा. आधारांची मालिका एक तर संपत नाहीं, किंवा कोठेंतरी स्वशक्तीवर संपते. संपत नसेल तर अनवस्था. संपत असेल तर ती पृथ्वीपाशींच संपूं द्यावी. या दुसऱ्या फांट्यांत एक न बोललेलें गृहीत आहे: जी शक्ति शेवटच्या आधारास संभवते ती पहिल्या वस्तूसही संभवते. ज्ञानराजानें नेमका याच ठिकाणीं घाव घातला. मातीचें ढेंकूळ अधांतरीं राहत नाहीं, पक्षी राहतो. म्हणजे स्वशक्तीनें राहणें हा धर्म सर्व पदार्थांस सारखाच लागू नाहीं. चेतनास तो संभवतो, जडास संभवत नाहीं. असें असेल तर मालिका चेतनापाशीं संपविणें व जड पृथ्वीपाशीं न संपविणें यांत मनमानी उरत नाहीं, आणि भास्कराचा पेंच सुटतो. गिधाड, सर्प, प्रहर आणि कूर्म, पृथ्वी, कल्प अशी जी जोडी त्यानें लाविली आहे ती कैमुतिकन्यायाची आहे. अल्पास जें साधतें तें महानास कां साधूं नये, हा तिचा आकार.

ज्ञानराजाचा निष्कर्ष अर्थातच खोटा आहे. पृथ्वी कोणत्याही कासवाच्या पाठीवर नाहीं. दृष्टांतही लंगडा आहे, कारण गिधाड ज्या हवेच्या आधारानें तरंगतें ती हवा पृथ्वीलाच चिकटलेली असते. पण आक्षेप म्हणून पाहिलें तर तो जागच्या जागीं बसतो. उलट पडत्या पृथ्वीविषयींची भास्कराची युक्ति घ्या. तिचा आकार निर्दोष आहे. ‘अमुक असतें तर तमुक झालें असतें, तमुक होत नाहीं, म्हणून अमुक नाहीं’. परंतु जड वस्तु हलक्या वस्तूहून वेगानें पडते हें तिच्यांतील गृहीत खोटें आहे, हें गॅलिलिओनंतर शाळेंतील मुलांसही माहीत झालें आहे. एकाचें गृहीत चुकलें, दुसऱ्याचा निष्कर्ष चुकला. तरी दोघांच्याही बोलण्यांत जोखण्यासारखा एक आकार आहे, आणि तो विषयाच्या सत्यासत्यतेहून वेगळा काढून तपासतां येतो. हें वेगळें काढणें म्हणजेच आकारिक तर्कशास्त्र.

ग्रीसमध्यें हें काम दोन ठिकाणीं झालें. ॲरिस्टॉटलानें ‘सर्व’, ‘कांहीं’, ‘एकही नाहीं’ या शब्दांनीं बांधलेल्या विधानांचे आकार मोजले. स्टोइक पंथाच्या क्रिसिप्पसानें जर-तर स्वरूपाच्या अनुमानांचे पांच मूळ आकार सांगितले, व त्यांतील दुसरा तोच, जो वर भास्कराच्या तोंडीं आला. आपल्याकडे दिङ्नागानें हेतूचा सपक्षाशीं व विपक्षाशीं असणारा संबंध नऊ कोठ्यांच्या हेतुचक्रांत मांडला व त्यांतील दोनच कोठे शुद्ध ठरविले. हें चक्र मुख्यतः आकाराचेंच आहे. नैयायिक मात्र आकारावर थांबावयास कधींच राजी नव्हते. त्यांचें अनुमान प्रमाण आहे; प्रमाणापासून खरें ज्ञानच निघालें पाहिजे; म्हणून ज्याचें एकही अंग खोटें तें त्यांच्या लेखीं अनुमानच नव्हे, हेत्वाभास होय. खोटें आहे हें जाणून मुद्दाम गृहीत धरण्यास एकच जागा त्यांनीं मोकळी ठेविली, ती ‘तर्क’ या पदार्थाची: येथें अग्नि नसता तर धूर नसता. पण तर्काला सोळा पदार्थांत स्थान असूनही प्रमाणाचा अधिकार नाहीं. तो प्रमाणाचा साहाय्यक, चाकर. म्हणून तर्काचे आकार नैयायिकांच्या ग्रंथांत असावे तितके विस्तारानें येत नाहींत, आणि ते पाहावयाचे तर जेथें वादी-प्रतिवादी रोज त्याच शस्त्रानें लढत होते त्या गोलाध्यायांत व गणिताच्या टीकांत शिरावें लागतें. आमचें म्हणणें थोडक्यांत हें.

याचा अर्थ नव्यन्यायास कमी लेखावें असा नाहीं. चौदाव्या शतकांत गंगेशानें तत्त्वचिंतामणींत व्याप्तीचें लक्षण ठरवितांना जें केलें तें जगांतील तर्कविद्येच्या मोठ्या शोधांपैकीं एक आहे. ‘जेथें साध्य नाहीं तेथें हेतु नसणें’ हें लक्षण वरवर पुरेसें वाटतें. परंतु ज्याचा अभाव कोठेंच मिळत नाहीं असें साध्य घेतलें, उदाहरणार्थ वाच्यत्व, म्हणजे शब्दानें सांगतां येणें, तर ‘जेथें साध्य नाहीं’ अशी जागाच हातीं लागत नाहीं व लक्षण कोसळतें. अशा केवलान्वयी उदाहरणांच्या कसोटीवर गंगेशानें एकामागून एक लक्षणें टाकून दिलीं व शेवटीं सिद्धान्तलक्षण बांधलें. रिकाम्या वर्गाविषयीं काय बोलावें ही अडचण युरोपांत एकोणिसाव्या शतकांत नीट हाताळली गेली, हें लक्षांत घ्यावें. पुढें रघुनाथ व मथुरानाथ यांनीं अवच्छेदकाची भाषा इतकी धारदार केली कीं, ‘दोहोंचा अभाव’ व ‘दोहोंपैकीं एकाचा अभाव’ यांतील भेद त्यांस सहज मांडतां आला. हार्वर्डच्या डॅनियल इंगल्स यांनीं १९५१ सालीं नव्यन्यायावरील आपल्या पुस्तकांत या गोष्टीकडे व फ्रेगेच्या संख्याविचाराशीं असलेल्या साम्याकडे लक्ष वेधलें, आणि बोखेन्स्की यांच्या १९५६ च्या आकारिक तर्कशास्त्राच्या इतिहासांत भारतीय तर्काला स्वतंत्र प्रकरण मिळालें. येथवर सर्व ठीक. मात्र या दोन्ही ग्रंथांत गणितटीकांना जागा नाहीं.

पाथरीच्या घराण्यांत हे दोन प्रवाह एकत्र येऊं लागलेले दिसतात. चिंतामणीनें पित्याच्या ग्रंथाचें विवरण करतांना ज्योतिषाचे सिद्धान्त शास्त्रीय अनुमानाच्या भाषेंत बसविण्याचा प्रयत्न केला आहे. ज्योतिष हें नुसतें गणकाचें कसब नसून न्याय-मीमांसेच्या पंक्तीस बसणारें शास्त्र आहे, हें त्याला सिद्ध करावयाचें होतें. गोदेच्या उत्तर तीरावरील गोलग्रामच्या दिवाकर दैवज्ञाच्या वंशांत हीच ओढ आढळते. त्याच्या घरच्या मल्लारीनें ग्रहलाघवाच्या उपपत्ति लिहिल्या, आणि नातू नृसिंह यानें काशींत १६२१ सालीं सिद्धान्तशिरोमणीवर ‘वासनावार्तिक’ रचिलें. या मंडळींच्या स्थलांतराबरोबर गोदातीरची वादपद्धति काशीस गेली.

उपपत्ति या शब्दाविषयीं चार शब्द लिहिणें जरूर आहे. उपपत्ति म्हणजे रीतीचें कारण, सिद्धता. उपपत्तीवांचून गणक प्रौढांच्या सभेंत मान्यता पावत नाहीं, ही भास्कराचार्यांची समजूत त्यांच्या टीकाकारांनीं शिरोधार्य मानली. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें शके १४६७ (सन १५४५) मध्यें लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ लिहिली, ती सूर्यदासाच्या टीकेनंतर अवघ्या चार वर्षांनीं. तींत एकाच नियमाची क्षेत्रावरून एक व बीजावरून दुसरी अशा सिद्धता सांपडतात. म्हणजे मराठी मुलखाच्या दोन टोंकांस, एकमेकांस पाहिलेंही नसेल अशा दोन पंडितांनीं, एकाच पांच वर्षांत त्याच ग्रंथास हात घातला होता.

या सर्वांत तर्काच्या दृष्टीनें मोलाची जागा कृष्ण दैवज्ञाच्या ‘बीजपल्लवां’त आहे. याचें कुळ विदर्भांतील दधिग्रामचें. पिता बल्लाळ काशीस गेला. सतराव्या शतकाच्या आरंभींच्या या टीकेंत ऋण संख्येला वर्गमूळ नाहीं या भास्करवचनाची सिद्धता आहे. प्रतिवादी विचारतो, ऋण संख्या वर्ग कां असूं नये, ही कांहीं राजाज्ञा आहे काय? कृष्ण तें मान्य करून म्हणतो, मग तो वर्ग कोणाचा हें तुम्हींच सांगा. धनाचा नव्हे, कारण धनाचा वर्ग धन. ऋणाचाही नव्हे, कारण ऋणाचा वर्गही धनच. अशी कोणतीच संख्या दिसत नाहीं कीं जिचा वर्ग ऋण होईल. सर्व पर्याय मांडावयाचे, एकेक निकालांत काढावयाचा, व उरलें तें शून्य असें दाखवावयाचें. हा आकार शुद्ध आहे, आणि सिद्ध करण्याचा भार प्रतिवाद्यावर टाकण्याची लकब खास वादसभेंतली आहे. पुढें युरोपियन गणितज्ञांनीं धनही नव्हे व ऋणही नव्हे अशी नवी संख्या कल्पून ही वाट उघडली, ती गोष्ट वेगळी. कृष्णाच्या सिद्धतेंत ‘धन किंवा ऋण, तिसरें नाहीं’ हें गृहीत उघड पडलेलें असल्यामुळेंच बांध कोठें फुटला तें आज बोट ठेवून सांगतां येतें.

आणखी एक बाब नोंदण्याजोगी. एम्. डी. श्रीनिवास यांनीं दाखविलें आहे कीं, आपले गणिती तर्काचा उपयोग एखादी वस्तु नाहीं हें दाखविण्यास करीत; एखादी वस्तु आहे हें केवळ तिच्या अभावाचें खंडन करून सिद्ध झालें असें मानीत नसत. युक्लिडाच्या पद्धतीहून हा मोठा फरक. युक्लिड संस्कृतांत आला तो अठराव्या शतकांत, सवाई जयसिंगाच्या आश्रयास असलेल्या जगन्नाथ सम्राटाच्या ‘रेखागणिता’तून, अरबीच्या द्वारें. हा ग्रंथ १९०१-०२ सालीं मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत छापला गेला. त्यापूर्वींच्या आमच्या टीकाकारांचा सिद्धतेचा कस मात्र नैयायिकांच्या कसाशीं जुळतो: तर्क चाकर आहे, धनी नव्हे.

सूर्यदासाची कीर्ति पाथरीबाहेर किती दूर गेली याची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. हेन्री टॉमस कोलब्रुक यानें १८१७ सालीं लंडन येथें लीलावती व बीजगणित यांचें इंग्रजी भाषांतर छापलें. त्याच्या टिपांत गणेश, कृष्ण व रंगनाथ यांच्या जोडीस सूर्यदास जागोजाग येतो. त्याच कोलब्रुकनें १८२४ मध्यें न्याय-वैशेषिकांवरील आपला निबंध वाचला. म्हणजे इंग्रजी वाचकांस भारतीय बीजगणित व भारतीय तर्क या दोहोंची ओळख एकाच हातानें करून दिली. मदुरेस १८०६ मध्यें जन्मलेला ऑगस्टस डी मॉर्गन या वाचकांपैकीं एक होता. दिल्लीच्या रामचंद्रांचा महत्तम-लघुतमावरील ग्रंथ १८५९ सालीं लंडनमध्यें प्रस्तावनेसह काढणारा हाच. जगांत गणित उभारणाऱ्या दोन भाषा म्हणजे संस्कृत व ग्रीक, आणि स्वतंत्रपणें तर्कशास्त्र रचणाऱ्याही त्याच दोन, असा अभिप्राय त्यानें नमूद केला आहे. पुढें जॉर्ज बूलच्या पत्नीनें आपल्या पतीवर, डी मॉर्गनवर व बॅबेजवर हिंदु तर्काचा परिणाम झाला असें लिहिलें, आणि आपल्याकडील कित्येक लेखकांनीं तें वाक्य उचलून धरलें. आमचें मत तसें नाहीं. बूलच्या १८५४ च्या ग्रंथांतील बीजाक्षरांचें गणित नव्यन्यायाच्या वाटेनें आलेलें दिसत नाहीं, आणि एका वृद्ध विधवेच्या आठवणीवर एवढा इमला चढविणें इतिहाससंशोधकास शोभत नाहीं. डी मॉर्गनचा अभिप्राय मात्र विचारणीय आहे. फक्त त्याला ठाऊक नसलेली गोष्ट ही कीं, या भूमींत ते दोन व्यवसाय कधीं कधीं एकाच घरांत, बाप-लेकांच्या हातीं चालत.

सिद्धान्तसुंदराचें टोक क्नुड्सेन यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर २०१४ मध्यें निघालें. सूर्यप्रकाशाचा कांहीं भाग पुष्पाकुमारी जैन यांनीं संपादून बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत २००१ सालीं प्रसिद्ध केला आहे. मराठींत या ग्रंथांतील वादस्थळें निवडून देण्याचें काम व्हावयास हवें. ज्या सद्गृहस्थांच्या घरीं गोदातीरच्या जुन्या वैदिक वा जोशी घराण्यांचे रुमाल असतील त्यांनीं ‘ज्योतिष, किरकोळ, अपूर्ण’ अशी चिठ्ठी लावलेलीं पानेंही एकवार सोडून पाहावींत. उपपत्ति, वासना, अनवस्था, प्रसंग हे शब्द समासांत किंवा टीकेंत दिसल्यास, अथवा पुष्पिकेंत पार्थपुर किंवा गोलग्राम हें नांव आल्यास, त्या पानांचे आदि-अंत उतरून मंडळाकडे धाडावे. पानें सुटीं असलीं तरी चालतील. क्रमांक मात्र आहेत तसेच उतरावे.